डेडलिफ्टचे प्रकार आणि आपली कंबर

सावकाश
व्यायामाच्या नेहमीच्या धाग्यावर डेडलिफ्टवरून (प्लेटा लावलेला लोखंडी बार उचलून सरळ उभं राहायचा व्यायाम) जुंपली आणि ज्यांना गुडघ्यांबद्दल विचारायचं होतं ते बिचारे तसेच राहिले, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. तिथे दोन तट पडले होते. एक म्हणे डेडलिफ्ट केली की कंबर गेलीच समजा; दुसरा म्हणे कंबरेला डेडलिफ्टसारखं औषध नाही. मला दोन्ही पटत नाही, कारण दोघं एकाच व्यायामाबद्दल बोलताहेत असंच वाटत नाही. जमिनीवरून ओढायची साधी, पाय फाकवून करायची सुमो, वरून सुरू होणारी रोमानियन, षट्कोनी ट्रॅप बारची, रॅकवरून ओढायची, ठोकळ्यावर उभं राहून करायची डेफिसिट... या सगळ्यांत कंबरेवर येणारा भार सारखा कसा असेल?

माझं म्हणाल तर साधी करते, ५० किलोपर्यंत, पाच-पाचच्या सेटमध्ये. दुखापत अशी नाही. पण दुसऱ्या दिवशी मांड्या आणि नितंब ठणठणीत, आणि कंबर मात्र आखडून बसलेली. रोमानियन केली तर उलट. मांडीची मागची बाजू भरून येते, कंबर गप्प. वजन जवळपास तेवढंच. हे कसं काय? ट्रेनरचं उत्तर "डेडलिफ्ट बंद करा". त्यापलीकडे काही असेल तर सांगा.

लोखंडप्रेमी
सुमो करा, विषय संपला. धड जास्त उभं राहतं, कंबर वाचते. "सुमो म्हणजे चीटिंग" म्हणणाऱ्यांनी आधी एकदा जमिनीवरून बार हलवून दाखवावा. पॉवरलिफ्टिंगमध्ये दोन्ही पद्धती नियमात बसतात.

आडदांड
असहमत. सुमोत कंबर सुटते आणि मांडीची आतली बाजू नि खुबा अडकतो. ज्याच्या खुब्याची ठेवणच तशी नाही त्याने यूट्यूब बघून पाय फाकवले तर जांघेत उसण ठरलेली.

भौतिकवाला
प्रकारांची नावं जरा बाजूला ठेवू. कंबरेच्या दृष्टीने पहिला प्रश्न एकच: बार कंबरेच्या खालच्या मणक्यापासून आडव्या रेषेत किती लांब आहे?

ढोबळ हिशोब करून दाखवतो. १०० किलो म्हणजे साधारण ९८० न्यूटन. बार सुरुवातीला त्या मणक्याच्या ३० सेंमी पुढे आहे असं धरा. म्हणजे कंबरेभोवती २९४ न्यूटन-मीटर इतकं पुढे वाकवणारं बल (नेमकं म्हणजे बलाघूर्ण). त्याला विरोध करणारे पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून मागे जेमतेम ६ सेंमीवर. तेवढ्याशा अंतरावरून तोल सांभाळायचा तर त्यांना जवळजवळ ४,९०० न्यूटन ओढावं लागतं, म्हणजे ५०० किलोचं वजन टांगल्यासारखं. ही ओढ स्वतः मणक्यांना एकमेकांवर दाबते. यात धडाचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही, आणि पोट आवळून आतला दाब वाढवला की जी मदत मिळते तीही नाही.

आता बार नडगीपासून फक्त ५ सेंमी पुढे सरकला असं समजा. आणखी ४९ न्यूटन-मीटर. स्नायूंना आणखी ८०० न्यूटनपेक्षा जास्त ओढायला लागणार. बारवर प्लेट तेवढीच, कंबरेला मात्र ती जड झाली. म्हणून नडगी खरवडली जाते म्हणून बार लांब धरणारे लोक दिसले की मला राहवत नाही. लांब मोजे घाला हो, पण बार चिकटून वर आणा.

सुमोचं म्हणाल तर १९९१ साली चोलेविकी, मॅकगिल आणि नॉर्मन यांनी पॉवरलिफ्टरांवर मोजमाप केलं होतं. सुमोत कंबरेवरचं हे वाकवणारं बल साध्या पद्धतीपेक्षा सुमारे १० टक्के कमी आलं. म्हणजे फरक आहे, पण लोखंडप्रेमी सांगताहेत तेवढा नाही. सुमोच्या भरवशावर १५ टक्के वजन वाढवलंत तर हिशोब पुन्हा तिथेच.

लोखंडप्रेमी
१० टक्के म्हणजे काय कमी झाले? :) पण वजन वाढवण्याचा मुद्दा मान्य, सगळे तेच करतात.

मधली_सुट्टी
या ४,९०० न्यूटनने मणका मोडत नाही का? कामाच्या ठिकाणी वजन उचलण्याबद्दल ३,४०० न्यूटनची मर्यादा वाचल्याचं आठवतं.

भौतिकवाला
ती अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षेच्या संस्थेची, १९८१ सालची. दिवसभर माल उचलणाऱ्या सर्वसाधारण कामगारांसाठी सावधगिरी म्हणून ठरवलेली. वर सांगितलेल्या १९९१ च्या अभ्यासात सरासरी दाब १७ हजार न्यूटनच्या घरात निघाला होता, आणि ती माणसं बार ठेवून चालत घरी गेली. अर्थात त्यांचे मणके वर्षानुवर्षांच्या वजनाने घट्ट झालेले होते. हाडही स्नायूसारखंच भाराला सरावतं, फक्त फार सावकाश. स्नायू काही महिन्यांत दांडगा होतो आणि माणूस बारवर प्लेटा चढवत सुटतो. मागे राहिलेल्या भागांकडे कोण बघतो?

मणकामित्र
उशिरा येतेय, पण हा धागा माझ्या पोटापाण्याचा आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. इथे वाचून कुणाची कंबर तपासता येत नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा.

आधी ते एक महत्त्वाचं, म्हणजे नंतर कुणी विसरायला नको. कंबरदुखीबरोबर दोन्ही मांड्यांच्या मधल्या, सायकलच्या सीटवर टेकतो त्या भागात बधिरपणा आला, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटला किंवा लघवी अडली, पाऊल उचलता येईना आणि चालताना घासू लागलं, तर धागा वाचत बसू नका. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जा. बाकीच्या कंबरदुखीत सहसा वेळ असतो.

आता प्रकार. सावकाशताई, तुमच्या रोमानियनच्या कोड्याबद्दल शेवटी बोलते, कारण त्यात मला एक गोष्ट खटकतेय.

ट्रॅप बार: माणूस षट्कोनाच्या आत उभा राहतो, हात बाजूला येतात, त्यामुळे बार नडगीच्या पुढे राहण्याचा प्रश्नच मिटतो. २०११ मध्ये स्विंटन आणि सहकाऱ्यांनी पॉवरलिफ्टरांना दोन्ही बारांनी ओढायला लावलं. षट्कोनी बारने कंबर आणि खुब्यावरचं बल कमी झालं आणि गुडघ्याचं वाढलं. भार हवेत विरत नाही, एका सांध्यावरून दुसऱ्यावर जातो. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरताहेत त्यांनी हे लक्षात ठेवायचं. कंबरदुखीतून उठून पुन्हा ओढायला सुरुवात करणाऱ्याला मी बहुतेक वेळा इथूनच सुरू करायला सांगते, तेही बारच्या उंच मुठींची बाजू वर ठेवून, म्हणजे कमी वाकावं लागतं.

डेफिसिट: ठोकळ्यावर उभं राहिलं की बार पावलांच्या आणखी जवळ जातो, म्हणजे खुब्यातून आणखी दुमडावं लागतं. खुबा जिथे संपतो तिथून पुढचं वाकणं कंबर करते. खुब्याची लवचीकता भरपूर असेल तर उत्तम व्यायाम. नसेल तर अख्खा सेट कंबरेच्या शेवटच्या टोकावर.

स्नॅच ग्रिप, म्हणजे हात बारवर खूप रुंद धरून: परिणाम जवळपास तोच, खाली जावं लागतं आणि धड आडवं होतं. फार लोक करत नाहीत, सोडून देऊ.

एका पायाची रोमानियन किंवा मागचा पाय नुसता टेकवून करायची: वजन निम्म्याच्या आसपास आणि खुब्याला मात्र मेहनत पुरेपूर. कंबर कटकटी असलेल्यांची ही लाडकी व्हायला हवी, पण दिसायला भारी नाही ना.

आडदांड
रॅक पुल राहिली. माझ्या मते कंबरेसाठी सगळ्यात सुरक्षित, कारण खाली वाकायचंच नाही.

मणकामित्र
कागदावर हो. गुडघ्याच्या खालून किंवा बरोबरीने सुरू केली आणि वजन जमिनीवरून ओढता तेवढंच ठेवलं तर खरंच हलकी. पण तशी करताना कुणी दिसतं का? अंतर कमी झालं की माणूस लगेच दीडपट प्लेटा लावतो, बार वाकेपर्यंत. वर बार मांड्यांवर टेकवून, गुडघे पुढे ढकलून, कंबर मागे कलवून लॉकआउट, म्हणजे वरची पूर्ण सरळ स्थिती, "मिळवतात". त्या शेवटच्या मागे कलण्यात कंबरेच्या मागच्या छोट्या सांध्यांवर वजन पडतं. बार वर आला, खुबा सरळ झाला, संपलं. मागे झुकायचं नाही, कुठल्याच प्रकारात.

कणाताठ
पण मूळ नियम एकच ना, पाठ सरळ? पाठ वाकली की मणक्यांमधली चकती बाहेर. इतका उहापोह कशाला?

मणकामित्र
कणाताठ, हा नियम शिकवायला सोपा आहे म्हणून टिकलाय. वास्तव जरा गुंतागुंतीचं आहे. बाहेरून सपाट दिसणारी पाठही आतून मोजली तर जमिनीवरून ओढताना बऱ्यापैकी वाकलेली निघते. २०२० मध्ये सारासेनी आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. उचलताना कंबर जास्त वाकवणाऱ्यांना कंबरदुखी जास्त होते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र हातात आलेले अभ्यास साधारण प्रतीचे आणि वजनं बहुतेक हलकी, हेही त्यांनीच सांगितलंय. १५० किलोच्या बारला तो निष्कर्ष डोळे मिटून लावू नये.

दुसरी बाजू अशी. कंबर मध्यम स्थितीत असताना पाठीच्या उभ्या स्नायूंचे काही तंतू तिरके मागे ओढतात आणि मणका पुढे घसरू पाहतो त्याला अडवतात. कंबर पूर्ण वाकली की त्यांचा हा तिरकेपणा जातो आणि काम अस्थिबंधांवर पडतं. म्हणून मी म्हणते, थोडी वाकली तर घाबरू नका, पण सेटच्या मधोमध वाकत जाऊ देऊ नका. पहिल्या रेपला (सेटमधल्या पहिल्या उचलीला) जशी आहे तशीच पाचव्या रेपला हवी. पाचव्याला ती बदलली तर पाचवी करायचीच नव्हती.

कणाताठ
मग एमआरआयमध्ये चकती फुगलेली दिसते ती कशाने?

मणकामित्र
न दुखणाऱ्यांमध्येही दिसते. २०१५ सालच्या ब्रिंजिकजी यांच्या आढाव्यात, काहीही दुखत नसलेल्या २० वर्षांच्या लोकांपैकी ३० टक्क्यांत चकती फुगलेली होती, ८० वर्षांच्यांत ८४ टक्क्यांत. फोटोतली चकती आणि दुखणारी चकती एकच असेल असं नाही. रिपोर्ट वाचून डेडलिफ्ट सोडलेले कितीतरी लोक भेटतात. रिपोर्ट न वाचता डॉक्टरांना विचारलं असतं तर सोडावी लागली नसती.

भौतिकवाला
चकतीवरून आठवलं. १९९९ मध्ये विल्के यांनी एका माणसाच्या चकतीत दाबमापक बसवून दिवसभर मोजलं. सरळ उभं राहिलं की ०.५ मेगापास्कल. २० किलो पाठ गोल करून उचलले तर २.३, गुडघे वाकवून उचलले तर १.७, आणि तेच अंगाला चिकटवून धरले की १.१. एकाच माणसावरचा प्रयोग आहे हे खरं, पण १.७ वरून १.१ हा फरक पाहा. वजन तेच, फक्त अंगाला चिकटलेलं. मी नडगीवरून का कटकट करतो ते कळलं असेल.

पहाटवारा
मी पहाटे उठल्या उठल्या व्यायाम करतो. पहिल्या काही सेटना कंबर लाकडासारखी असते, नंतर मोकळी होते. हे वयामुळे का?

मणकामित्र
वयाला बोल लावू नका. रात्रभर आडवं झाल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण थोडे उंच असतो ते त्यामुळेच. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. उठल्यावर पहिला तासभर तरी जमिनीवरून ओढणं टाळा. पहाटेच करायचं असेल तर आधी चालणं, खांदे-छातीचे व्यायाम, आणि डेडलिफ्ट शेवटाकडे. किंवा त्या दिवसांत रोमानियन किंवा एका पायाची.

आडदांड
अवांतर: रोमानियनला रोमानियन का म्हणतात, कुणी सांगेल का?

लोखंडप्रेमी
निकू व्लाड. रोमानियाचा वेटलिफ्टर, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. अमेरिकेत सराव करताना तो हा व्यायाम करत होता, बघणाऱ्यांनी नाव विचारलं, त्याच्याकडे नाव नव्हतं. मग देशाचं चिकटलं.

मणकामित्र
आता सावकाशताईंचं कोडं. खरं तर रोमानियनमध्ये कंबरेला जास्त थकायला हवं. बार जमिनीवर टेकतच नाही, त्यामुळे पाठीच्या स्नायूंना मध्ये विश्रांती मिळत नाही. साध्या डेडलिफ्टमध्ये दर रेपला बार खाली ठेवला की क्षणभर सुटका असते. तुमचं बरोबर उलटं होतंय. म्हणजे कंबर कमजोर आहे हे काही पटत नाही. जमिनीजवळच्या शेवटच्या टप्प्यात काहीतरी घडतंय. खाली जाताना शेवटचे चार बोटं अंतर कसं होतं ते बाजूने व्हिडिओ घेऊन बघा.

रेपमोजणी
थांबा थांबा. सावकाश, ५० किलो म्हणजे २० चा बार आणि दोन्ही बाजूंना १५-१५. त्या कुठल्या प्लेटा लावता? १० आणि ५ का?

सावकाश
हो, आमच्याकडे १५ च्या नाहीत. १० ची आतून, ५ ची बाहेरून. लोखंडी, रबराचं आवरण असलेल्या. का?

रेपमोजणी
मग झालं की! वीसच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंमी असतो, त्यामुळे बार जमिनीपासून २२.५ सेंमीवर राहतो. लोखंडी १० ची प्लेट त्यापेक्षा बरीच लहान. तिचा व्यास मोजा, निम्मा करा, तेवढ्या उंचीवर तुमचा बार आहे. इतके दिवस तुम्ही साधी म्हणून डेफिसिटच करताय. आणि स्पर्धेत १०० किलो ओढणाऱ्यांना मोठ्या प्लेटमुळे बार उंचीवर आयता मिळतो. नवशिक्याला सगळ्यात खालून ओढायला लावायचं, ही गंमत जवळपास प्रत्येक जिममध्ये चालते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

मणकामित्र
रेपमोजणी, मानलं तुम्हाला. प्लेट विचारायचं मला सुचलं नाही. सगळं जुळतं. रोमानियनमध्ये त्या नडगीच्या मध्यापर्यंतच जातात, तिथपर्यंत खुबा पुरतो. खाली मात्र कंबर उरलेलं वाकणं भरून काढते, तेही दर रेपला, थांबलेल्या बारला पहिला झटका देताना.

सावकाश
आत्ता टेप घेऊन मोजलं. व्यास २८ सेंमी. म्हणजे बार १४ वर! २२.५ ऐवजी.

भौतिकवाला
साडेआठ सेंमीची डेफिसिट. ठरवून करणारे लोकही बहुतेक यापेक्षा कमी उंचीच्या ठोकळ्यावर उभे राहतात.

उंचउंट
हे वाचून माझं दुखणं पण आठवलं. मी सहा फूट तीन इंच, मांड्या लांब. माझ्याकडे वीसच्या प्लेटा आहेत तरी खाली तीच गत.

मणकामित्र
तुमच्या मांडीच्या लांबीचा त्या २२.५ सेंमीशी काही संबंध नाही हो. तो आकडा वेटलिफ्टिंगच्या प्लेटवरून आलाय, माणसाच्या शरीरावरून नाही. स्पर्धेत उतरायचं नसेल तर ती उंची पाळायची काहीच सक्ती नाही. ठोकळ्यांवर बार ठेवा, जिथे कंबर न बदलता खाली जाता येतं तिथे. १० सेंमी वर उचलायला लागला तरी कमीपणा नाही. हवं तर पुढच्या महिन्यांत एकेक पातळ पाटी काढून खाली या.

सावकाश
मग मी दोन्ही बाजूंना प्लेटांची चवड लावून बार २२ पर्यंत वर आणते. बेल्ट घेऊ का? सगळे घालतात.

आडदांड
५० किलोला बेल्ट? :)

मणकामित्र
बेल्टने कंबर धरून ठेवली जात नाही. पोटाला आवळायला भिंत मिळते, त्याने आतला दाब वाढतो. आधी बेल्टशिवाय श्वास घेऊन पोट चहूबाजूंनी फुगवून आवळायला शिका, बाजूंच्या बरगड्यांखाली बोटं दाबून बघा, ती बाहेर ढकलली गेली पाहिजेत. रक्तदाब असेल तर श्वास फार वेळ कोंडू नका आणि डॉक्टरांशी बोलून मगच जड वजनाला जा, त्या क्षणी दाब भलताच चढतो.

आणि ज्यांना आधीपासून कंबरदुखी आहे त्यांच्यासाठी: २०१५ मध्ये स्वीडनमध्ये कंबरदुखीच्या रुग्णांना डेडलिफ्ट शिकवून पाहिली होती. फायदा कुणाला झाला? ज्यांचं दुखणं सुरुवातीला कमी होतं आणि पोटावर झोपून धड पलंगाबाहेर आडवं तोलून धरायच्या चाचणीत जे जास्त वेळ टिकले त्यांना. म्हणजे दुखणं भडकलेलं असताना डेडलिफ्टने "बरं करायला" जाऊ नये. आधी ते शमू द्या, पाठीची सोशिकता वाढवा, मग बार.

मधली_सुट्टी
वाचनखूण साठवली. ताई, एकाच आठवड्यात साधी आणि रोमानियन दोन्ही ठेवल्या तर चालेल?

मणकामित्र
चालेल, लागोपाठच्या दिवशी नको. आणि एक हिशोब लोक हमखास विसरतात. वाकून मारायचा बारबेल रो, बार खांद्यावर घेऊन मारायचा स्क्वॉट, केटलबेल स्विंग, हे सगळं त्याच कंबरेच्या खात्यात जमा होतं. डेडलिफ्टच्या दिवशी रो करायचीच असेल तर छाती बाकाला टेकवून करा. निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात.

सावकाश
आज चवडीवरून केली, तेवढ्याच वजनाने. पहिल्यांदाच नितंबांना कळलं की आपण डेडलिफ्ट करतोय. कंबरेचं उद्या सकाळी सांगते. ट्रेनरने चवड बघून विचारलं, "हे काय नवीन?" टेप हातात दिली, मोजून बघा म्हटलं.

रेपमोजणी
त्यांना १० च्या सगळ्या प्लेटा मोजायला सांगा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या असतील तर व्यासही वेगवेगळे निघतील, आणि दोन बाजूंना दोन निघाल्या तर बार तिरका.